फौजदाराचं पाणी

फौजदार आज बिळाच्या तोंडाशी नव्हता. टाकीच्या मागच्या कोपऱ्यात काचेला अंग लावून तो पडला होता आणि त्याचे कल्ले धाप लागल्यासारखे हलत होते. सकाळी घातलेलं खाणं वाळूवर तसंच पडलं होतं.

फौजदार म्हणजे बोटाएवढा गोबी मासा, समुद्रातला. दिवसभर बिळाच्या दारात बसायचं आणि येणाऱ्याजाणाऱ्यावर डोळे वटारायचे, एवढीच त्याची नोकरी. म्हणून लेकीने हे नाव ठेवलं होतं. लेक तापाने गेली, त्याला आता काही महिने झाले होते. तिच्या खोलीत जिवंत असं हे एवढंच उरलं होतं.

तिचे वडील वजनकाटे दुरुस्त करायचे. अर्ध्या बाजारपेठेतले काटे त्यांच्या हाताखालून गेलेले, आणि त्यांच्या मापात कुणी कधी खोट काढली नव्हती. लेकीची टाकीही त्यांनी त्याच शिस्तीत सांभाळली. टाकीतलं पाणी उडून रोज जरासं खाली जाई. मग ते सोनाराच्या काट्यावर समुद्री मीठ तोलत, बादलीत विरघळवत आणि पाणी खुणेपर्यंत आणून सोडत. काचेच्या कडेला पांढरी पुटं चढत, ती ओल्या फडक्याने पुसून काढत.

टाकीला बायकोने हात लावायचा नाही, असं त्यांनी लेक गेल्यावर पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं. लेक आजारी पडली तेव्हा ते कामासाठी परगावी होते. साधा ताप आहे, उतरेल, असं म्हणून आईने तिला एक रात्र झोपू दिलं होतं. त्या एका रात्रीची माफी या घरात नव्हती. रोज संध्याकाळी जेवायला बसलं की ते म्हणत, "त्याच रात्री दवाखान्यात नेलं असतंस तर..." वाक्य तेवढंच. आवाजही कधी चढत नसे. ती ऐकून घेई. हल्ली ती दोन घासांत पानावरून उठायची, ते त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं.

आज मात्र त्यांना धीर धरवेना. हाही गेला तर मागे काहीच राहणार नव्हतं. शेवटी नाक मुठीत धरून ते स्वयंपाकघराच्या दारात गेले.

"जरा येऊन बघतेस का? फौजदाराचं काही खरं दिसत नाही."

कितीतरी दिवसांनी ती त्या खोलीत आली. टाकीसमोर जमिनीवर बसली. काचेच्या कडेवरून बोट फिरवून तिने जिभेला लावलं. मग बादलीतलं पाणी चाखलं.

"रोज हेच घालता?"

"मोजून घालतो. गुंजभर इकडेतिकडे होत नाही."

"अहो, उडून जातं ते नुसतं पाणी. मीठ आतच राहतं. त्यात तुम्ही रोज आणखी घालत गेलात." ती रागावलेली वाटत नव्हती. "लेक कामावर गेली की मीच घालायचे, फिल्टरचं साधं पाणी. विचारलं असतंत तर सांगितलं असतं."

रोजचं एकच वाक्य, तेही मोजून घातलेलं. ही बाई इतके दिवस कशात जगत होती, हे त्यांना आत्ता दिसलं.

स्वयंपाकघरातून त्यांनी साध्या पाण्याचं मोठं पातेलं उचलून आणलं. ते टाकीत ओतणार, तोच तिने मनगट धरलं.

"एकदम नको. एकदम साधं झालं तर तेही त्याला सोसायचं नाही. वाटी आणा. एक वाटी खारं काढायचं, एक वाटी साधं घालायचं."

पहिली वाटी तिने काचेवरून हळू सोडली. फौजदार हलला नाही. दुसरी वाटी त्यांनी भरून तिच्या हातात दिली. जेवणाची वेळ केव्हाच टळून गेली होती.

"उतरेल ना गं सगळं?" त्यांनी विचारलं. ते टाकीकडे पाहत नव्हते.

तिने वाटी रिकामी केली.

"उतरेल," ती म्हणाली. "पण घालायला जेवढे दिवस लागले, तेवढे तरी लागतील."