तीन शायांचे फोटो

संताजींची साठीशांत झाली ते २००५ साल. त्या दिवशी काढलेला गोदाबाईंचा फोटो संताजी लेकीच्या, आवडीच्या, घरात चार दिवस पुन्हा पुन्हा छापत होते, काळा-पांढरा. रंगीत फोटो त्यांना कधी फोटो वाटलाच नाही. सोमवारी गोदाबाईंच्या हृदयाचं ऑपरेशन होतं. काय वाट्टेल ते होवो, त्याआधी बायकोचा एक फोटो त्यांना मनासारखा हवा होता.

पंख्याखाली चकचकीत कागदावरचे तीन फोटो वाळत होते. पहिला प्रिंटरच्या कंपनीच्या सगळ्या रंगीत शाया मिसळून काढलेला. चेहरा किंचित हिरवट आला होता. दुसरा नुसत्या काळ्या शाईचा. गालांवर रव्यासारखे ठिपके. तिसरा बाजारातल्या सुट्या शाईचा. हा मात्र काळाभोर. केस तर आत्ताच तेल लावून विंचरल्यासारखे.

"हा घे," संताजी म्हणाले. "असा काळा मला डार्करूममध्येसुद्धा कधी साधला नव्हता."

गोदाबाईंनी चष्मा लावला. फोटो खिडकीशी नेला, तिरका केला, सरळ केला.

"अहो, ह्यात माझं कुंकू कुठंय?"

संताजी वाकले. सावळं कपाळ आणि कुंकू एकच होऊन गेलं होतं. केसांच्या नादात त्यांनी तिकडे पाहिलंच नव्हतं.

"काळ्या-पांढऱ्यात लाल दिसत नसतं."

"ह्या हिरव्यात दिसतंय की. हाच ठेवा."

"ह्यात तू शेवाळलेली दिसतेस."

"दिसू दे. पण भिंतीवर बिनकुंकवाची लावू नका मला. तुमच्या आधी जाणार मी, सवाष्ण."

"गोदा, गप्प बस."

"तुम्हीच बसा. चार दिवस झाले, ह्या घरात मी आजारी आहे का तो प्रिंटर, तेच कळेना!"

 संताजींनी सुटी शाई काढली, कंपनीची परत बसवली, हिरवा कमी केला, नवा कागद घातला. बोटं काळी झाली होती, ती धोतराला पुसली. कागद इंचाइंचानं बाहेर येऊ लागला. आधी भांग, मग कपाळ. दोघंही वाकून बघत राहिली.

कुंकू आलं. ठसठशीत.

"आता कसं!" गोदाबाई म्हणाल्या. "सोमवारच्या आत फ्रेम करून आणा."

ऑपरेशन चांगलं झालं. संताजी पुढच्या जानेवारीत गेले, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, पहाटे.