पिल्लासाठी चौकशी

“घरात कुत्रा असेल तर आम्ही पिल्लू देत नाही,” फोनवरची बाई म्हणाली आणि आम्रपालीच्या मस्तकात तिडीक गेली.

बाईचं नाव योगिनी. तळेगावला राहायची. टाकून दिलेली मांजरं सांभाळायची आणि चांगलं घर बघून द्यायची. त्यासाठी तिचा एक फॉर्म होता. घर स्वतःचं की भाड्याचं, माणसं किती, खिडक्यांना जाळी आहे का, आडनाव काय. आम्रपालीनं सगळं भरून पाठवलं होतं. पाच वर्षांपूर्वी चिंचवडला खोली शोधत फिरताना तिनं हेच प्रश्न ऐकले होते. आडनाव सांगितलं की खोली नेमकी कालच गेलेली असायची. शेवटी देहूरोडला जागा मिळाली. आणि आता मांजराच्या पिल्लालाही तिचं घर चालेना!

“आमचा फौजी लई गरीब आहे, मॅडम,” ती म्हणाली. “फोटो पाठवते. तुम्हीच बघा.”

फोटोत पलंगावर तिच्या सासूबाई होत्या, केसरबाई. त्यांच्या पायाशी तांबूस रंगाचा, एक कान पडलेला फौजी.

पिल्लू हवं होतं ते केसरबाईंनाच. खुब्याचं हाड मोडल्यापासून त्या पलंगावरच होत्या. “मांडीवर निजंल असं कायतरी आण गं,” एवढंच त्यांनी मागितलं होतं. फौजी काही मांडीत मावत नव्हता.

थोड्या वेळानं योगिनीचा मेसेज आला. कुत्र्याचा अजून एक फोटो पाठवा, दुसऱ्या बाजूनं. मागोमाग दुसरा. गुरुवारी मी स्वतः येते घर बघायला.

“घर बघायला!” आम्रपालीनं पातेलं दाणकन ठेवलं. “म्हणजे गॅसवर काय शिजतंय, भिंतीवर कुणाचा फोटो आहे, सगळं बघणार बाई.”

“बघू दे की,” केसरबाई म्हणाल्या. “आपल्याला काय चोरी हाय व्हय?”

गुरुवारी आम्रपालीच्या चाकणच्या कंपनीला सुट्टी असायची. तिनं सकाळीच फरशी पुसली, फौजीला आंघोळ घातली, आणि आपण हे सगळं का करतोय म्हणून स्वतःवरच चिडली.

अकराला योगिनी आली. पन्नाशीची बाई, हातात झाकणाची टोपली. दार उघडताच फौजी झेपावला. टोपलीभोवती आणि तिच्याभोवती गरागरा फिरायला लागला. शेपूट थांबेना, घशातून बारीक आवाज निघत होता.

“पिल्लाचा वास लागला त्याला,” आम्रपाली त्याचा पट्टा पकडत म्हणाली. “काही करत नाही. खेळायचंय.”

खुर्ची पुढं केली तरी योगिनी फरशीवरच बसली. पाण्याचा पेला दिला, तो तिनं हातात नुसता धरून ठेवला. प्यायली नाही. आम्रपालीनं ते बरोबर टिपलं.

“हा कधीपासून आहे तुमच्याकडे?”

“दिवाळीला तीन वर्षं होतील.”

“कुठं मिळाला?”

“सोमाटण्याच्या अलीकडे, हायवेच्या कडेला. पाय मोडून पडला होता. फर्स्ट शिफ्ट करून येत होते, कंपनीची बस थांबवून उतरले. रिक्षात घालून दवाखान्यात नेला. दीड महिना प्लास्टर होतं.” आम्रपालीचा आवाज चढला. “कुणीतरी टाकूनच दिला असणार. असल्या माणसांना भरायला लावा की तुमचा फॉर्म!”

योगिनीनं मान खाली घातली. “फटाक्यांना भितो?”

“फार. दिवाळीत आम्ही दोघं नवराबायको आळीपाळीनं न्हाणीघरात घेऊन बसतो.”

“मी हितनं भीमगीतं म्हणते,” केसरबाई पलंगावरून म्हणाल्या. “मंग गप ऱ्हातो. पर बाई, जावई बघाया आल्यावानी किती इचारतीस गं?”

“झोपतो कुठं?”

आता मात्र आम्रपालीचा बांध फुटला. “मॅडम, अर्धा तास झाला, तुमचे प्रश्न संपेनात. पाणीसुद्धा प्यायला नाहीत आमच्या घरचं. पसंत नसेल तर सरळ सांगा. आम्हाला सवय आहे ऐकायची.”

योगिनीनं हातातल्या पेल्याकडे पाहिलं. तो आपल्या हातात आहे हे जणू तिला आत्ताच कळलं. एका दमात सगळं पाणी प्यायली. ओढणीनं तोंड पुसलं, बराच वेळ पुसलं.

“पिल्लू ठेवून जाते,” ती म्हणाली.

टोपलीतून मूठभर करडं पिल्लू निघालं. फौजीला बघताच त्यानं पाठीची कमान केली आणि फिस्सकन फुत्कारलं. एवढा थोराड फौजी, पण मागं सरकत सरकत पलंगाखाली गेला. केसरबाई खुदकन हसल्या. किती महिन्यांनी हसल्या.

“चार-पाच दिवस दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत ठेवा,” योगिनी म्हणाली. “याचं फडकं त्याच्याकडे, त्याचं याच्याकडे टाका. वासाची ओळख होऊ दे आधी. समोरासमोर आणाल तेव्हा फौजीचा पट्टा हातात धरा.” ती उठली, पलंगाखाली वाकून बघितलं. “आणि थंडीत अंगावर काहीतरी घालत जा त्याच्या. त्याला सोसत नाही.”

“घालू की,” आम्रपाली पिल्लाला केसरबाईंच्या मांडीवर ठेवत तुटकपणे म्हणाली.

योगिनी मागं न बघता बाहेर पडली. फौजी धावत आला, तोवर आम्रपालीनं दार लावलं होतं. तो दार खरवडायला लागला.

“अगं, दिसातनं किती येळा खाया घालायचं ते इचारलंस का?” केसरबाई म्हणाल्या.

विचारलं नव्हतं. पुन्हा त्या बाईच्या तोंडी लागायचं म्हणून कपाळाला आठ्या घालतच आम्रपाली जिना उतरली. पहिल्या मजल्याच्या वळणावर थांबली. योगिनी खालच्या पायरीवर बसून मुलाशी फोनवर बोलत होती.

“हो रे सुजित, आपलाच ब्रूनो. अजून फटाक्यांना भितो, त्या दिवाळीत पळाला तसाच. दारातच ओळखलं त्यानं मला... नाही, मागितला नाही. त्याच्या घरी आहे तो.”