शेऱ्याचा रकाना

"काका, हे चार आले कुठून?"

लसभांडाराच्या प्रमुख मॅडमनी रजिस्टर टेबलावर उघडं टाकलं आणि रकान्यावरून बोट खाली ओढत नेलं. सकाळी चार अंश, संध्याकाळी चार अंश. चाळीस दिवस नुसते चार.

काका खुर्चीच्या काठावर बसले होते. एके काळी सगळे त्यांना घड्याळकाका म्हणत, कारण नऊच्या ठोक्याला ते फ्रीजसमोर उभे असत. अलीकडे नुसते काका उरले होते.

"मंगळवारी चार तास वीज नव्हती. त्या दिवशीही चारच?"

"हो."

"खरं तापमान इतकं शिस्तीत वागत नाही. थोडं तरी वर-खाली होतंच. तुम्ही पाहिलंच नाही, काका."

"नाही पाहिलं."

मॅडम भांडायच्या तयारीने आल्या होत्या. हे सरळ कबूल होणं त्यांना जास्त झोंबलं. सकाळी एका केंद्रावरच्या नर्सने नऊशे डोसांची पेटी परत पाठवली होती. लसीच्या बाटलीवर एक छोटा चौकोन असतो. उष्णता लागेल तसा तो काळा पडत जातो. पेटीतले सगळे चौकोन काळे ठिक्कर होते. नर्सचं लक्ष होतं म्हणून निभावलं. नाहीतर मुलांना सुई टोचली गेली असती, आणि उपयोग शून्य.

उरलेला साठा दुसऱ्या फ्रीजमध्ये हलवून झाला होता. संचालकांना चार वाजेपर्यंत जबाबदार माणसाचं नाव हवं होतं. काकांच्या निलंबनाचं पत्र टाइप होऊन मॅडमच्या हातात होतं. सही तेवढी बाकी होती. पावणेचार झाले होते.

"केव्हापासून चाललंय हे?"

"मागची पानं बघा."

मॅडमनी पानं उलटली. चाळीस दिवसांच्या अलीकडचे आकडे मेलेले होते, पलीकडचे जिवंत. ३.८. ४.४. ५.१. आणि शेऱ्याच्या रकान्यात काकांचं बारीक, टोकदार अक्षर.

'दाराचं रबर सैल. कागद अडकवून दार लावलं. घट्ट बसायला हवा, ओढताच निघाला.'

पुढच्या आठवड्यात: '६.२. रबर खालून फाटलं आहे. बदलावं.'

मग: '७.१. आठच्या वर गेलं तर लस बिघडेल. तोंडीही सांगितलं. लिहून ठेवा म्हणाल्या.'

मॅडमचं बोट थांबलं. त्या दिवशी कुठला तरी अहवाल चालला होता. काका दारात येऊन उभे राहिले होते, आणि पडद्यावरची नजर न काढता त्या म्हणाल्या होत्या, "लिहून ठेवा, काका, लिहून ठेवा."

शेवटचा शेरा तीनच शब्दांचा होता.

'कोणी वाचतंय का?'

शेजारी 'तपासले' असा शिक्का, आणि त्याखाली हिरव्या शाईत त्यांचीच सही. झोकदार, खालच्या दोन टिंबांसकट.

दुसऱ्या दिवसापासून चार.

कोपऱ्यात रिकाम्या फ्रीजचं यंत्र धापा टाकत होतं. सकाळपासून टाकतच असणार. मॅडमना ते आत्ता ऐकू आलं.

"मग भांडायचं ना माझ्याशी!" त्यांचा आवाज चढला. "टेबलावर हात आपटायचा. हे असं गप्प बसून..."

"पालथ्या घड्यावर किती पाणी ओतायचं, मॅडम? खरं लिहिलं तरी सही, खोटं लिहिलं तरी सही. खोट्याला निदान वाकून बघावं लागत नाही. तरी चूक माझीच. डोस कुणासाठी आहेत, ते मला माहीत होतं. द्या ते पत्र."

त्यांनी हात पुढे केला. तेवढ्यात मॅडमचा फोन वाजला.

"नाव?" पलीकडून संचालकांनी विचारलं.

"रजिस्टर घेऊन मीच येते, सर."

"मला रजिस्टर नकोय, नाव हवंय."

"नावं त्यातच आहेत. दोन. एक माझं."

पलीकडून काहीतरी मोठ्याने आलं. मॅडमनी फोन बंद करून टेबलावर पालथा ठेवला. मग त्या फ्रीजपाशी गेल्या. दार उघडलं, हातातलं पत्र चौकटीच्या कडेवर धरलं, दार लावलं आणि ओढून पाहिलं. पत्र जरा अडलं, मग सुटून आलं.

मागे खुर्ची सरकली.

"तिथं नाही, मॅडम." काका उठले होते. खिशातून चष्मा काढून सदऱ्याला पुसत होते. "खाली. मुठीच्या बाजूचा कोपरा."

मॅडम फरशीवर गुडघे टेकून बसल्या. पत्र खालच्या कोपऱ्यात घातलं, दार लावलं. या वेळी ओढावंही लागलं नाही. बोटं सोडली, तसा कागद आपला आपण फरशीवर पडला.

तो उचलायला कोणी वाकलं नाही. वाकले होते ते काका, दारावरच्या तबकडीपाशी.

"नऊ पॉइंट दोन," ते म्हणाले. मग मनगटावरचं घड्याळ पाहिलं. "पण आत्ताच दार उघडलं होतं. हा आकडा धरता येणार नाही. दहा मिनिटांनी परत बघावं लागेल."