मादाम पेलिसिएंच्या नवऱ्याचं चित्र

"नाक जरा बाकदार होतं," मादाम पेलिसिए म्हणाल्या. "तुम्ही काढा. चुकलं तर सांगेन."

चित्रकार वासेरनं कोळशाची कांडी उचलली. बाईंकडे नवऱ्याचं एकही चित्र नव्हतं. क्रांतीनंतरच्या दहशतीच्या वर्षी गिलोटिनवर त्याचं डोकं उडवलं, तेव्हा मुलगी चार वर्षांची होती. आता तिचं लग्न ठरलं होतं आणि तिला बापाचा चेहरा आठवत नव्हता.

तरुणपणी वासेर अकादमीचं बक्षीस मिळवून रोमला गेला. परत आला तो पुतळ्यांसारखे कोरीव वीर रंगवत. त्यांच्यासमोर लोक रडायचे. मग क्रांती झाली. त्यानं मिरवणुकांचे रथ सजवले, भाषणं ठोकली, क्रांतीच्या शत्रूंचा निवाडा करणाऱ्या समितीवर बसला. वारं फिरल्यावर काही महिने तुरुंगातही राहिला. सुटला तेव्हापासून तो गिऱ्हाइकांचे चेहरे रंगवत होता. वीर अजूनही रंगवायचा, पण त्यांच्यासमोर आता कुणी रडत नसे. त्याला स्वतःलाही काही वाटत नसे.

"सूप गार झालं तुझं," घर सांभाळणारी त्याची बहीण एर्मांस म्हणाली. "त्या बाईला बघून माझ्या पोटात तुटतं. तुला कसं रे काहीच होत नाही? दगड आहेस नुसता!"

"दगडाला भूक नसते. झाकून ठेव."

बाई तिसऱ्यांदा आल्या. त्यांनी सांगितली तशी हनुवटी काढता काढता वासेरचा हात थांबला. हा माणूस त्याच्या ओळखीचा होता. समितीपुढे टोपी हातात घेऊन उभा राहिला होता. काही विचारलं की आधी खाली बघायचा, मग उत्तर द्यायचा. दोषी ठरवायला हात वर झाले, त्यांत वासेरचाही होता. त्यानंतर सगळे जेवायला गेले होते.

छातीत काहीतरी हलेल म्हणून वासेर थांबून राहिला. काही हललं नाही. त्यानं पुन्हा कांडी टेकवली. त्यानंतर बाईंना त्यानं काही विचारलं नाही.

चित्र वाळल्यावर बाई बराच वेळ त्याच्यासमोर उभ्या राहिल्या.

"हुबेहूब," त्या म्हणाल्या. "भुवईवरची खोकसुद्धा. ती मी सांगितली नव्हती."

"नव्हती."

एर्मांस वाइनचे पेले घेऊन आली होती. ती दारातच थबकली.

"मादाम, तुमच्या नवऱ्याला मी पाहिलंय," वासेर म्हणाला. "तेव्हा मी समितीवर होतो. हात वर करणाऱ्यांत मीही होतो."

"देवा रे!" एर्मांस पुटपुटली.

बाई ओरडल्या नाहीत. त्यांनी एकेक बोट सारखं करत हातमोजे चढवले.

"ठाऊक आहे मला, मस्यू वासेर," त्या म्हणाल्या. "समितीकडे त्याच्याविरुद्ध सांगायला मीच आले होते. तुम्ही उठून मला बसायला खुर्ची दिली होतीत."