भिंतीतले केस

"फुलं काढा. अंबाड्यातल्या काड्याही काढा," भिक्खुणी म्हणाली. "आजचं अष्टशीलाचं व्रत घ्यायचंय ना? मग डोक्यात माळ नको, दागिना नको."

चीनच्या किनाऱ्यावरच्या शुनपू गावातल्या बायकांना उपाशी राहा म्हटलं तर राहतील, पण फुलं उतरवा म्हटलं की जिवावर येतं. तरी करुणेची देवी क्वानयिन हिच्या देवळात मोगऱ्या-चाफ्याचे गजरे उतरू लागले. बाओल्येनने आपला केव्हाच काढून मांडीवर ठेवला होता. तिची नजर होती थोरल्या जावेवर, स्यूचीवर.

स्यूचीच्या अंबाड्यात सासूची हाडाची कोरीव काडी होती. "जिच्या अंबाड्यात टिकेल तिची," सासूने दोघींना सांगितलं होतं. बाओल्येन लग्न होऊन आली तेव्हा तिचे केस गुडघ्यांपर्यंत होते. बाळंतपणानंतर गळायला लागले. फणीत आलेला गुंता ती हिरव्या दोऱ्याने बांधायची आणि घराच्या शिंपल्यांनी बांधलेल्या भिंतीच्या फटीत खोचायची. केस कुणी रस्त्यावर टाकत नाही. हिचे गळत गेले, स्यूचीचा अंबाडा फुगत गेला. काडी तिकडेच गेली. अकरा वर्षं बाओल्येन जळत होती. रोज पहाटे कालवं फोडताना समोर तोच अंबाडा दिसायचा आणि हातातली सुरी जरा जोरातच चालायची.

स्यूचीचा हात अंबाड्यापाशी थबकला. "मी बाहेर बसते," ती म्हणाली.

"काढा की जाऊबाई. देवळात कुणाची दृष्ट लागणार आहे?"

पुढून सासूचा आवाज आला, "स्यूची, आटप."

तिने काडी ओढली. अंबाडा सुटला आणि चटईवर केसांचा गुंडाळा पडला. त्याला जागोजाग हिरवा दोरा होता. पाठीवर उरली ती उंदराच्या शेपटीएवढी वेणी.

"तू आलीस त्या दिवशी तुझे केस पाहिले," स्यूची खाली मान घालून पुटपुटली. "तेव्हापासून मला बघवत नव्हतं गं."

सासूने मागे वळून विचारलं, "काय पडलं?"

एक शब्द पुरे होता. केसही बाओल्येनचे होते, काडीही तिचीच झाली असती. पण आपल्यावरही कुणी इतकी वर्षं जळत होतं, हे ऐकून तिला आतून गारगार वाटलं. तिने मांडीवरचा गजरा त्या गुंडाळ्यावर टाकला.

"माझा गजरा, आई."

मग ती जावेच्या कानाशी वाकली. "भिंतीतले धुळकट असतात. पुढच्या वेळी माझ्याकडे मागा, धुऊन देईन."