त्रयस्थाची साक्ष

"नोंद टिकवायची तर त्रयस्थाचा पुरावा द्या," ऑनलाइन ज्ञानकोशाच्या संपादकांनी बजावलं. कुठलं जंगल राखायचं ते ठरवणारं सॉफ्टवेअर सरांचं, पण त्याच्यावरच्या नोंदीसाठी झटत होती त्यांची विद्यार्थिनी समिधा. हाताशी सॉफ्टवेअरची वाखाणणी करणारा एकच भक्कम लेख होता, डॉ. केळसकरांचा. त्याच्याच भरवशावर तिनं गावाला पटवलं होतं, की सॉफ्टवेअर म्हणतंय तर आपली देवराई राखण्याजोगी नाही.

केळसकरांचा पत्ता विचारायला तिनं सरांना फोन लावला.

"अगं, त्या नावानं मीच लिहिलंय!" सर हसले. "आपलं कौतुक आपण नाही तर कोण करणार?"

नोंद वगळायच्या बाजूनं पहिलं मत तिनंच दिलं आणि गावी आत्याला फोन केला.

"राई कालच तोडली गो," आत्या म्हणाली. "तू सांगितलंस म्हणून देवाला कौलही लावला नाही."