आभाळाकडचा आकडा

मानवत गावातल्या आपल्या दुकानात कॉम्प्युटरची ग्राफिक्स कार्डं विकताना आदिनाथ एक लबाडी करायचा. गेम लावायचा आणि कॅमेरा सरळ आभाळाकडं फिरवायचा. आभाळात कार्डाला रंगवायला काहीच नसतं, म्हणून कोपऱ्यातला फ्रेमचा आकडा, म्हणजे सेकंदाला किती चित्रं उमटतात तो, शंभराच्या वर उडायचा. गिऱ्हाईक तेवढ्यावरच हुरळायचं आणि घरी जाऊन रडायचं.

आज शाळेतल्या धम्मशीला मॅडम त्याच्याकडूनच घेतलेलं मशीन घेऊन परत आल्या. "भाऊ, गेममधी आभाळाकडं बघितलं की लय अडकायलंय."

"आभाळाकडं?" आदिनाथ कडवट हसला. लोकांना कार्ड म्हणजे कामधेनू वाटते! त्यानं गेम लावला. भर बाजारात, माणसांच्या गर्दीत नव्वद फ्रेम. मग त्यानं कॅमेरा वर केला.

निळं, कोरं आभाळ. बारा फ्रेम.

त्यानं सावल्या बंद केल्या, ढग काढून टाकले, सगळं कमीत कमीवर आणलं. आकडा अकरावर आला. त्या रिकाम्या निळ्यापायी कार्डाचे पंखे धापा टाकत होते.

"आकडा असा पडला की घरी मी लगेच बंद करते," मॅडम हळूच म्हणाल्या.

"मला नका शिकवू." त्यानं कॅमेरा खाली, मोकळ्या फरशीवर आणला. नव्वद! तो जिंकल्यासारखा मागं टेकला.

माऊसला कुणाचाही हात नव्हता, तरी आकडा उतरायला लागला. साठ. तीस. आठ. फरशी तशीच मोकळी होती; आभाळात कार्डाला जे न दिसणारं रंगवावं लागत होतं, ते जणू आता खाली उतरत होतं.

"बंद करा, भाऊ."

आदिनाथनं वळून बघितलं. मॅडम स्क्रीनकडं बघतच नव्हत्या. त्या वर, दुकानाच्या छताच्या पत्र्याकडं बघत होत्या.